चारुशीलाचा पितळी हात

देवाजी मेश्रामांच्या दुकानात माणसं यायची ती बाजा घेऊन. नागपूरच्या सक्करदरा तलावाच्या मागच्या रस्त्यावर, पिठाची गिरणी आणि सायकल दुरुस्तीचं दुकान यांच्या मधे ते एका दाराचं दुकान होतं. चाळीस वर्षं तिथे बसून देवाजींनी बँडपार्ट्यांची वाद्यं दुरुस्त केली होती. पोचे गेलेले युफोनियम, पिस्टन अडकलेले ट्रंपेट, सांध्यांची झाळ सुटलेले कॉर्नेट. लग्नसराईच्या आणि चौदा एप्रिलच्या आधी तर दुकानात पाय ठेवायला जागा नसे.

त्यामुळे दिवाळीनंतरच्या एका दुपारी एक बाई बाजा न घेता आत आली, तेव्हा ती पत्ता विचारायला आली असेल असंच त्यांना वाटलं. तिशीची असावी. खांद्याला कापडी पिशवी होती.

"ट्रंपेट दुरुस्त करणारे देवाजी काका तुम्हीच ना?"

"हो. काय आणलं?"

तिने पिशवीतून एक हात काढून टेबलावर ठेवला. कातडीच्या रंगाचा प्लॅस्टिकचा हात, नखंसुद्धा रंगवलेली. देवाजींनी हातातली कानस खाली ठेवली. मग त्यांना दिसलं की तिच्या डाव्या बाहीत कोपराच्या थोडं खाली हात संपत होता.

"मले असा नाही पाहिजे," ती म्हणाली. "मले पितळेचा पाहिजे. बोटं हलतील असा. आणि थे कशानं हलतात ते बाहेरून दिसलं पाहिजे."

"बाई, मी बाजे दुरुस्त करतो. हातापायाचं काम दवाखान्यात होते."

"तिथूनच येऊन राहिली. थे म्हणतात, रंग कातडीशी जुळला पाहिजे, कोणाले समजलं नाही पाहिजे. मी म्हटलं, काहून? कोणाले समजलं तर काय होते?"

देवाजींनी तो प्लॅस्टिकचा हात उचलून पालथा करून पाहिला.

तिचं नाव चारुशीला. धरमपेठेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती काम करायची. जन्मापासूनच डावा हात तसा होता. त्यामुळे काही गमावलंय असं तिला कधी वाटलं नव्हतं. कांदा चिरणं, वेणी घालणं, पुस्तकांना कव्हर घालणं, सगळं ती करायची. हे तिने तिथेच उभ्या उभ्या सांगून टाकलं, कारण कीव आली की माणसं वाटेल ते कबूल करतात आणि मग करत नाहीत, हा तिचा अनुभव होता.

"मंग पितळेचा हात कायले पाहिजे?" देवाजींनी विचारलं.

तिने पिशवीतून एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर हवेत तरंगणारं एक जहाज होतं, त्याच्या धुराड्यातून पांढरी वाफ निघत होती. "याले स्टीमपंक म्हणतात. म्हणजे समजा, वीज आणि पेट्रोल आलंच नसतं. सगळं जग वाफेवरच चालत राहिलं असतं, तर कसं दिसलं असतं, त्याच्या गोष्टी. यातल्या बाईले असा हात आहे. ती तो लपवत नाही. दारातून आत आली की लोक पहिले हाताकडे पाहतात, मंग तिच्याकडे. हे पुस्तक मी इथं ठेवून जाते. नाही जमलं तर परत द्या."

देवाजी नाही म्हणायच्या आत ती रस्त्यावर पोचली होती.

देवाजींची मुलगी प्रीती शाळेत इंग्रजी शिकवायची. शाळेतून आल्यावर चहा घेता घेता ती वडिलांना पुस्तकातलं पानभर वाचून मराठीत सांगू लागली. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, त्या जहाजाला दिवसाला कोळसा किती लागत असेल. तिसऱ्या दिवशी त्या बाईच्या हाताचं वर्णन आलं आणि देवाजींनी कप बशीत ठेवला.

"पुन्हा वाच."

प्रीतीने पुन्हा वाचलं. मनगटातून निघालेल्या पाच नळ्या, प्रत्येक बोटाला एक छोटा पिस्टन, आणि पिस्टन हलला की होणारा तो बारीक आवाज.

"हे लिहिणाऱ्यानं कॉर्नेट खोलून पाहिला असंन," देवाजी म्हणाले. "पण एक पिस्टन उलटा बसवला त्यानं. असा बसवला तर बोट उघडणारच नाही."

मग प्रीतीने मोबाइलवर त्यांना दाखवलं की ही पुस्तकं वाचणारी माणसं नुसती वाचून गप्प बसत नाहीत. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी घरात बसून काय काय केलं होतं. चामड्याचे आणि काचेचे चष्मे. जुन्या टाइपरायटरच्या कळा लावलेला कॉम्प्युटर. घड्याळांच्या सुट्या भागांचा कोळी, आठही पाय हलवत चालणारा. एका म्हाताऱ्या बाईने पितळी नळ्यांची केटली केली होती. ती चहा ओतताना शिटी वाजवायची. देवाजी डोळे बारीक करून पाहत राहिले. ज्यांची भाषा आपल्याला येत नाही, अशी माणसं आपल्यासारखीच कानस धरतात, नळी वाकवताना चेपू नये म्हणून आधी आत वाळू भरतात, हे पाहून त्यांनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. चाळीस वर्षांत आपल्या कामातलं कोणी भेटलं नव्हतं, आणि इकडे जगभर तशी माणसं पसरलेली होती.

एका चित्रात मात्र ते अडले. टोपीवर चार दातेरी चाकं होती.

"हे चाक काय फिरवते?"

"काही नाही बाबा. शोभेसाठी चिकटवलंय."

"मंग चाक कायले म्हणायचं त्याले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोडक्या वाद्यांची पेटी माळ्यावरून खाली काढली.

हात करायला घेतला तेव्हा त्यांना पहिली गोष्ट कळली, ती ही की आपल्याला हाताबद्दल काहीच माहीत नाही. चारुशीलाने त्यांना सुशीलकडे नेलं. सुशील कृत्रिम हातपाय बनवणारा तंत्रज्ञ, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याने एक जुना हात खोलून समोर ठेवला.

"यात मोटर नाही, बॅटरी नाही. पाठीवरून दुसऱ्या खांद्याले पट्टा जाते. खांदा पुढं केला की ही केबल ताणते आणि बोटं उघडतात. खांदा ढिला सोडला की स्प्रिंग बोटं मिटवते. सायकलचा ब्रेक समजा."

"मतलब ताकद हिचीच," देवाजी म्हणाले.

"ताकद हिचीच. आपण फक्त रस्ता करून देतो."

हे देवाजींना फार पटलं. ट्रंपेटचंही तसंच होतं. फुंकर वाजवणाऱ्याची, नळी फक्त रस्ता.

सुशीलने चारुशीलाच्या हाताचा साचा घेऊन कोपरावर घट्ट बसणारी वाटी करून द्यायचं कबूल केलं. वाटीच्या पुढचं सगळं देवाजींचं. ट्रंपेटच्या नळ्यांची बोटं झाली. क्लॅरिनेटच्या कळांचे सांधे झाले. केबल शेजारच्या सायकलवाल्याने दिली. दर शनिवारी चारुशीला दुपारी यायची, मापं द्यायची आणि दोघांचे वाद व्हायचे.

"मनगटावर एक दातेरी चाक लावा ना काका. पुस्तकात आहे."

"काय करंन थे चाक?"

"काही नाही. दिसंन छान."

"काम नसलेलं चाक मी लावत नाही."

ती रुसून बसली. पुढच्या शनिवारी देवाजींनी तिला चाक लावलेलं दाखवलं. त्याच्या दात्यांत एक खटका बसत होता. चाक फिरवलं की मनगट वळायचं आणि हवं तिथे अडकून राहायचं. पेला धरताना तळवा आत, पान उलटताना खाली. चारुशीलाने ते कट् कट् करत सात-आठ वेळा फिरवलं. रुसवा गेला होता.

जानेवारीत हात तयार झाला. देवाजींनी तो चिंच लावून घासला, चिंधीने पुसला, तेव्हा दुकानात दिवा लावल्यासारखं झालं. गिरणीवाला पाहायला आला, सायकलवाला आला. चारुशीलाने पट्टा खांद्यावर घेतला, वाटी चढवली आणि खांदा पुढे केला. बोटं उघडली. खांदा सोडला आणि बोटं फटकन मिटली, उंदराच्या पिंजऱ्यासारखी. सगळे हसले, तीही हसली.

देवाजी हसले नाहीत. ते तिच्या डाव्या खांद्याकडे पाहत होते. खांदा खाली गेला होता आणि थंडीच्या दिवसांत तिच्या ओठांवर घाम आला होता.

"काढ थे."

"राहू द्या काका. बरा आहे."

"काढ म्हणतो ना."

वाटीच्या कडेने तिच्या कातडीवर लाल वळ उठले होते. देवाजींनी तो हात गिरणीच्या काट्यावर ठेवला. एक किलो तीनशे ग्रॅम भरला.

"मले आवडला," चारुशीला हळूच म्हणाली. "मी सवय करून घेईन. इतका सुंदर आहे."

"सुंदर आहे, पण हा तुहा हात नाही. हा माहा हात आहे. तू नुसता उचलून राहिली."

त्यांनी तिच्यादेखत मनगटाचे स्क्रू काढले. ती पिशवी उचलून निघून गेली. आपण चाळीस वर्षं पितळेशी खेळलो आणि पितळ जड असतं एवढंही लक्षात ठेवलं नाही, याची देवाजींना लाज वाटली. दोन दिवस ते दुकानात नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक बोट उचललं, शिकंज्यात धरलं आणि छोट्या हातोडीने टिचकी मारून ऐकलं.

वाद्य दुरुस्त करणाऱ्याचा कान धातू बोलतो ते ऐकतो. जिथे ताण असतो तिथे पितळ वेगळं वाजतं, आणि जिथे ते उगाच असतं तिथे आवाज मुका येतो. देवाजींनी एका बोटाला स्प्रिंगचा ताण दिला, टिचक्या मारल्या, आणि मुकी जागा खडूने रंगवली. मग बारीक करवत घेऊन तेवढंच पितळ कापून काढलं. पुन्हा ताण, पुन्हा टिचकी, पुन्हा खडू. पाच बोटं, तळवा, मनगट. तीन आठवडे हे चाललं. दोन बोटं जास्त कापली गेली आणि वाकली, ती पुन्हा केली.

जसजसं पितळ कमी होत गेलं तसतसं काहीतरी वेगळंच पुढे यायला लागलं. पानाचा हिरवा भाग किड्यांनी खाऊन नुसत्या शिरा उराव्यात, तसा हात दिसायला लागला. प्रत्येक शीर जोर जिकडून यायचा तिकडून निघून जिथे जायचा तिथे जात होती. हे नक्षीकाम देवाजींनी ठरवलं नव्हतं, काढलं नव्हतं. ते पितळेतच होतं. एका दुपारी त्यांनी स्वतःचा हात त्याच्याशेजारी ठेवला. म्हाताऱ्या हातावरच्या शिरा आणि पितळेच्या शिरा जवळजवळ सारख्याच वाटांनी जात होत्या. प्रीती डबा घेऊन आली, तरी त्यांना कळलं नाही.

"बाबा, काय झालं?"

"पाह्य ना," एवढंच ते म्हणाले आणि थोडे बाजूला सरकले.

बोटं फटकन मिटण्याचाही इलाज त्यांना सापडला. मनगटात त्यांनी जुन्या कॉर्नेटचा एक पिस्टन बसवला, तळाला सुईएवढं भोक पाडलं. बोटं मिटताना नळीतली हवा त्या भोकातून बाहेर पडे, आणि हवा सावकाश निघे म्हणून बोटंही सावकाश मिटत. भोक किती मोठं असावं ते ठरवायला अकरा पिस्टन वाया गेले.

चारुशीलाला निरोप गेला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती आली. सोबत सुशीलही होता. वाटी नीट बसते की नाही ते त्याला स्वतः पाहायचं होतं. त्याने आधी हात उचलून अंदाज घेतला, मग काट्यावर ठेवला.

"सहाशे दहा," तो म्हणाला. मग त्याने तो उजेडात धरला आणि आरपार पाहत राहिला. "हे कुठं शिकले तुम्ही?"

"शिकलो नाही. जे लागत नव्हतं थे काढलं."

चारुशीलाने हात चढवला. खांदा किंचित पुढे केला. पाचही बोटं उघडली, सगळी एकदम नाही, आधी अंगठा, मग एकामागून एक, फूल उमलावं तशी. तिने खांदा सोडला. बोटं हळूहळू मिटत आली आणि मनगटातून एक मऊ, लांब आवाज निघाला. झोपलेल्या माणसाने श्वास सोडावा तसा.

गिरणी बंद होती, त्यामुळे तो आवाज नीट ऐकू आला.

"श्वास घेऊन राहिला," सुशील म्हणाला.

चारुशीलाने पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. दहा वेळा, वीस वेळा. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, रडू नव्हतं. देवळात किंवा विहारात शिरल्यावर माणसाचा चेहरा जसा मोकळा होतो तसा तो झाला होता. प्रीतीने सगळ्यांना चहा दिला. चारुशीलाने स्टीलचा पेला पितळी बोटांत धरला, आणि त्याच वेळी उजव्या हाताने डोळ्यांवर आलेले केस मागे सारले. सुशीलशी ती वाटीच्या कडेबद्दल बोलत होती. आपण काय केलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही. देवाजींच्या आलं. त्यांनी मान वळवली आणि उगाचच पेटीतले स्क्रू चाळू लागले.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी धरमपेठेतल्या एका सभागृहात स्टीमपंक आवडणाऱ्यांचा मेळा होता. नागपूरची, वर्ध्याची, अमरावतीची मिळून चाळीसएक माणसं जमली होती. चारुशीलाने देवाजींना हट्टाने नेलं. ते पांढरा सदरा घालून गेले आणि दारातच घुटमळले. आत चामड्याच्या टोप्या घातलेली, कमरेला साखळीची घड्याळं लावलेली पोरंपोरी इंग्रजीत बोलत होती. आपलं इथे काय काम, असं त्यांना वाटलं.

चारुशीला आत गेली. पहिल्यांदा एका मुलीने तिचा हात पाहिला आणि ती बोलता बोलता थांबली. मग दुसऱ्याने पाहिला. थोड्या वेळात सगळं सभागृह तिच्याभोवती गोळा झालं होतं.

"खरंच चालते?" कोणीतरी विचारलं.

तिने खांदा पुढे केला. बोटं उमलली. मग मिटली, आणि मनगटाने श्वास सोडला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घोळक्याच्या मागे एक मुलगा टोपी काढून हातात घेऊन उभा राहिला होता.

"कोणी केला?"

तिने दाराकडे बोट केलं. पितळी बोट.

देवाजींना पुढे आणून खुर्ची दिली गेली. भाषण त्यांना येत नव्हतं. त्यांनी पितळी हातातला एकेक भाग दाखवत तो कुठून आला ते सांगितलं. हे अंगठ्याचं नळकांडं एका ट्रंपेटचं, त्याचा वाजवणारा आता नाही. हा सांधा क्लॅरिनेटचा. हा पिस्टन ज्या कॉर्नेटचा, तो दीक्षाभूमीच्या मिरवणुकीत पंचवीस वर्षं वाजला. ऐकणारे इतके जवळ आले होते की त्यांच्या श्वासाची वाफ पितळेवर धरत होती. एका मुलीने हात लावू का म्हणून विचारलं. चारुशीलाने हात पुढे केला आणि त्या मुलीने एका शिरेवरून मनगटापासून नखापर्यंत बोट फिरवलं.

नंतर चहाच्या वेळी चारुशीला देवाजींजवळ येऊन बसली. "काका, लहानपणापासून लोक माह्या हाताकडे पाहत आणि झटकन नजर वळवत. आज एकानंही वळवली नाही."

देवाजींनी मान हलवली. त्यांचं लक्ष पलीकडच्या टेबलाकडे गेलं होतं. तिथे सुमंत नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर बसले होते, अमरावतीचे. त्यांच्यापुढे सायकलच्या चाकांपासून बनवलेलं ग्रहांचं यंत्र होतं. मधे सूर्य, भोवती लांब दांड्यांवर ग्रह, आणि पृथ्वीभोवती बोराएवढा चंद्र.

"फिरवून पाहा," सुमंत म्हणाले.

देवाजींनी जवळ जाऊन यंत्राची मूठ धरून फिरवली. सगळे ग्रह आपापल्या चालीने निघाले. जवळचा भराभर, लांबचा रेंगाळत. चंद्र पृथ्वीभोवती गोल गोल जात होता आणि कशालाही अडकत नव्हता. देवाजी वाकून पाहत राहिले. एकही चाक उगाच नव्हतं. त्यांनी वर्षभराचा काळ फिरवला, मग दुसरं वर्ष, मग तिसरं.

"किती दिवस लागले?" त्यांनी विचारलं.

"सहा वर्षं. शनि अजून जरा मागं पडते."

"पडू द्या," देवाजी म्हणाले, आणि पुन्हा मूठ फिरवली.

चारुशीला आता तो हात रोज घालत नाही. ग्रंथालयात चार तास घालते, घरी आली की काढून ठेवते. कांदा चिरायला तिला आपला हातच बरा वाटतो. सुशीलने देवाजींना आपल्या कार्यशाळेत बोलावलं आणि आता ते दर गुरुवारी तिथे जातात. टिचकी मारून कुठलं पितळ मुकं आहे, ते त्याच्या हाताखालच्या माणसांना दाखवतात.

बाकीच्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते तलावाच्या काठावर जाऊन उभे राहतात. एक दिवस प्रीती त्यांना शोधत तिथे गेली. पाण्यात एक बगळा उभा होता. त्याने मान आखडून घेतली, मग एकदम लांब केली, मासा धरला, पुन्हा घडी घातल्यासारखी मिटून घेतली.

"बाबा, काय पाहून राहिले?"

"चाळीस वर्षं या तलावाकाठी राहतो," देवाजी नजर न हलवता म्हणाले, "पण बगळ्याच्या मानेत सांधे किती असतात, हे मले आजवर माहीत नव्हतं."